‘येतो’ म्हणून निघालेली माणसे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



परदेशप्रवासाचे अनुभव सांगावेत अशी आज्ञा मंडळाच्या कार्यवाहांनी केली, तेव्हा आम्ही उभयता काहीसे संकोचलो. ज्या घरातले एकही मूल साता समुद्रांपलीकडे नाही असे घर आज आपल्या ज्ञातीत शोधूनच काढावे लागेल. विमानतळ, उंच इमारती, बर्फ यांचे वर्णन ऐकण्याची उत्सुकता आता कोणास उरली आहे? परंतु अकरा महिने बाहेर राहून परत आल्यावर एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ती आपल्या माणसांपुढे ठेवलीच पाहिजे असे वाटल्यामुळे हे निमंत्रण आम्ही स्वीकारले. भाषण दोघांनी मिळून लिहिले आहे. वाचणारे तोंड तेवढे एक आहे.

आम्ही २०२३ च्या जून महिन्यात घर सोडले. वाड्याचे दार ओढून घेतले, किल्ली शेजारच्या काकूंच्या हाती दिली. काकूंनी आमच्या हातावर दही घातले. आमच्या तोंडून सवयीने शब्द गेला, “येतो.” काकू म्हणाल्या, “या.” आपल्या भाषेत घरातून निघणारा ‘जातो’ असे म्हणत नाही, चुकून म्हणालाच तर वडीलधारी माणसे त्याला तिथल्या तिथे सुधारतात. या एका शब्दाचा अर्थ पुढे अकरा महिने आम्हांला निरनिराळ्या ठिकाणी उलगडत गेला. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

प्रथम आम्ही इंग्लंडात चिरंजीवांकडे गेलो. लंडनपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर त्यांचे बिऱ्हाड आहे. जूनमध्ये तेथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. सायंकाळी दिवा लावण्याची वेळ कोणती, याचाच निर्णय होईना. अखेर घड्याळात सात वाजले की दिवा लावावा, सूर्य काय करतो ते पाहू नये, असे आम्ही ठरवले. सप्टेंबरात लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवास गेलो. ही संस्था १९३२ सालची आहे. तेथे आरतीला उभे राहिलो तेव्हा शेजारचे गृहस्थ पन्नास वर्षांपूर्वी तिकडे गेलेले निघाले. परत जाणार का, असे सहज विचारले, तर ते हसून म्हणाले, “दर वर्षी जायचे ठरते.” आम्हीही हसलो, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

लंडनातच किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरी गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास तेथे राहून अभ्यास करीत असत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. लहान लहान खोल्या, अरुंद जिना, साधे घर. तेथे उभे असताना आमच्या मनात आला तो त्यापूर्वीचा प्रसंग. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावमहाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनास आले आणि १९१७ साली शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी परतले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना जवळजवळ विसर पडला होता. बडोद्यात मात्र त्यांना कोणी राहावयास जागा देईना. एका सराईत नाव बदलून राहावे लागले. तेथूनही काही दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि जगातील दोन थोर विद्यापीठांत शिकून आलेला हा विद्वान आपल्याच देशात एका सार्वजनिक बागेतील झाडाखाली डोळे पुसत बसला. हा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपण सारे ज्ञातीच्या नावाने येथे जमलो आहोत म्हणूनच हा प्रसंग येथे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. परदेशाने त्यांना दार उघडले आणि स्वदेशाने लावून घेतले. ती दारे आपल्याच पूर्वजांच्या घरांची होती, हे मान्य केल्यावाचून आम्हांला पुढे बोलता येणार नाही.

ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेस गेलो. आमची कन्या फिलाडेल्फियास असते. जावई केरळातले आहेत. नऊ वर्षांची एक नात आहे. तिचे मराठी आमच्या मल्याळमपेक्षा बरेच चांगले आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

फिलाडेल्फिया म्हटले की मराठी माणसाला डॉ. आनंदीबाई जोशी आठवाव्यात. त्यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. तरी घरापासून दूर बसून ते पुन्हा वाचले तेव्हा आम्हांला त्यात निराळेच काही दिसले. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचा नवव्या वर्षी टपालखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता वाचले. ओळख ना देख, पण त्या बाईने ‘माझ्या घरी ये’ असे कळवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले. अमेरिकेस का जाता, एकट्या का जाता, या प्रश्नांबरोबर तेथे एक प्रश्न असाही होता की परत आल्यावर तुम्हांला वाळीत टाकणार नाहीत काय? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, अशा आशयाचे उत्तर त्या सतरा वर्षांच्या मुलीने दिले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून तिचे जहाज सुटले.

११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेस पोहोचले होते. कोल्हापूर संस्थानाने तेथील रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा आनंदीबाईंना देऊ केली होती. ऑक्टोबरात पतिपत्नी परत निघाली, नोव्हेंबरात मुंबईस उतरली. पण क्षयाने त्यांना आधीच गाठले होते. कोल्हापूरची जागा रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभराचा अवधी होता.

त्यांच्या अस्थी कोठे आहेत हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. गोपाळरावांनी त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी या गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. आम्ही ऑक्टोबरअखेर तेथे गेलो. न्यूयॉर्कहून सुमारे दोन तास आगगाडी हडसन नदीच्या काठाकाठाने जाते. झाडांची पाने गळून चालली होती. दफनभूमीत पाऊणएक तास हिंडल्यावर तो दगड सापडला. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. नातीने गवतातली वाळली पाने बाजूला सारली. आम्ही बरोबर नेलेले हळदकुंकू वाहिले. मग नातीने विचारले, “आजी, या त्यांच्या कोण लागत होत्या?” आनंदीबाई कार्पेंटरबाईंना ‘मावशी’ म्हणत, असे आम्ही सांगितले. तिला ते पुरेसे वाटले. परधर्माच्या, परदेशाच्या एका घराने आपल्या मृतांच्या रांगेत एका मराठी मुलीला जागा दिली, तिचे नाव दगडावर कोरले आणि ते जपले, ही गोष्ट मात्र परतीच्या गाडीत आमच्या मनातून जाईना.

त्याच आठवड्यात फिलाडेल्फियास आम्हांला मंडळाने पाठवलेले माहितीपत्रक मिळाले. नव्या कुलवृत्तांतासाठी प्रत्येक घराने ते भरून पाठवायचे होते. आम्ही कागद घेऊन बसलो. मूळपुरुषापासून आमच्यापर्यंतची नावे लिहिली. चिरंजीवांचे नाव लिहिले, सूनबाईंचे लिहिले. खाली बारीक अक्षरात सूचना होती की ज्ञातीबाहेर विवाह झालेल्या कन्यांच्या संततीची नोंद करण्यात येणार नाही. नात शेजारी येऊन उभी राहिली. तिला मराठी वाचता येत नाही. पण आपल्या आईचे नाव ती अक्षरांच्या आकारावरून ओळखते. त्यावर बोट ठेवून तिने विचारले, “माझं नाव कुठं आहे?” आम्ही म्हणालो, “कागदावर जागा अपुरी आहे, बाळ.” ज्ञातिबंधूंनो, कागदावर जागा पुष्कळ होती. त्या दिवशी आम्ही दोघे नातीशी खोटे बोललो. ते पत्रक अर्धवट भरलेले अजून आमच्याजवळ आहे.

मार्चअखेर निघण्याची वेळ आली, तेव्हा कन्येने एक प्रस्ताव मांडला. ती तेथील नागरिक असल्यामुळे आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते. “आता वयाकडे पाहा, इथेच राहा,” असे तिचे म्हणणे. तिच्या बोलण्यात प्रेमही होते आणि व्यवहारही होता. आम्ही दोन रात्री विचार केला. तेथे आम्हांला काहीएक उणे नव्हते. शेवटी आमच्यापैकी एकीने विचारले, “तिकडे आपली वाट कोण पाहतंय?” दुसऱ्याला चटकन उत्तर सुचले नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “काकूंकडे किल्ली आहे.” एवढ्यावरच निर्णय झाला. तो सर्वस्वी शहाणपणाचा होता असा आमचा दावा नाही. विमानतळावर नात गळ्याला मिठी मारून रडली, ते आम्हांला अजून ऐकू येते.

परतताना वाटेत तीन आठवडे आम्ही मॉरिशस बेटावर उतरलो. पोर्ट लुईस बंदरात ‘आप्रवासी घाट’ नावाची जागा आहे; २००६ साली तिची जागतिक वारशात नोंद झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी करारबद्ध हिंदी मजुरांची पहिली तुकडी त्या बेटावर उतरली, आणि पुढल्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे उसाच्या मळ्यांसाठी तेथे आणली गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या कोकणातली आणि घाटावरची माणसे होती. धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या अजून आहेत. तीही माणसे घरून ‘येतो’ असेच सांगून निघाली असतील. करार पाच वर्षांचा असे; पुढे परतीच्या मोफत प्रवासाची सोयही काढून घेण्यात आली, आणि बहुतेक जण तेथेच राहिले.

त्यांच्या वंशजांना आम्ही भेटलो. त्यांच्या बोलण्यात तेथील क्रिओल भाषा फार; पण आमची मराठी ऐकून एक वृद्ध बाई पुढे आल्या आणि आमचे हात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते. आपल्या जाखडीचा तेथे ‘झाकरी’ झाला आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. उतरलेल्या प्रत्येक मजुराचा क्रमांक, त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, सारे त्यांत लिहिलेले. सरकारने ते काही ममतेने लिहिले नव्हते. मजुरांवर ताबा राहावा म्हणून लिहिले होते. तथापि आज त्याच वह्यांच्या आधारे चौथ्या-पाचव्या पिढीची माणसे आपले मूळ गाव शोधीत इकडे येतात. पणजोबा परत येऊ शकले नाहीत. त्यांच्या नावाच्या आधाराने पणतू येतो.

ते पाहून आम्हांला आपल्या घराची एक गोष्ट आठवली. ती आजवर आम्ही चारचौघांत कधी सांगितली नव्हती.

आमचे पणजोबा ज्ञातीच्या पंचांपैकी एक होते. त्यांचे धाकटे बंधू १९०९ साली विलायतेस यंत्रविद्या शिकण्यास गेले. पत्नीला वाड्यावर ठेवून गेले होते. चार वर्षांनी, १९१३ साली, ते परत आले. पंच बसले. नाशिकास जाऊन प्रायश्चित्त घ्यावे असे ठरले, आणि त्यांनी ते विनातक्रार घेतले. तरीही पंक्तीत घेण्यास कित्येकांची ना होती. धर्मशास्त्रात कलिवर्ज्याचे एक प्रकरण आहे. समुद्र ओलांडून गेलेला द्विज प्रायश्चित्ताने शुद्ध झाला तरी त्याचा संग्रह करू नये, म्हणजे त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, असा त्यात एक निर्बंध आहे. हे वचन नीट पाहावे. त्याचा सारा जोर आहे तो परतलेल्याला आत न घेण्यावर. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या सात बेड्यांत ‘सिंधुबंदी’ गणली. त्या बेडीचा घाव जाणाऱ्याइतकाच घरी राहिलेल्यांवरही पडत असे, हे आम्हांला आमच्याच घरात पाहावयास मिळाले.

पणजोबांच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे: “धाकटा आला. ओसरीवर पान मांडले.” दुसरे काही नाही. सख्खा भाऊ चार वर्षांनी घरी आला आणि ओसरीवर जेवला. घरात असे सांगत की त्या दिवशी त्यांच्या पत्नीने आपले पान उचलून ओसरीवर नेले आणि ती पतीच्या शेजारी जेवली. वर्षभराच्या आत दोघे इंदुरास निघून गेली. काही वर्षे पत्रे येत होती, मग तीही थांबली. आपल्या ज्ञातीच्या जुन्या कुलवृत्तांतात त्यांच्या नावापुढे एवढाच शेरा आहे: ‘परदेशगमन’. पत्नीचे नाव नाही, संतती नाही. पुढचे पान कोरे आहे.

आमच्या पणजोबांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ते निष्ठुर नव्हते. मोठे सचोटीचे गृहस्थ होते आणि त्यांनी ज्ञातीचा नियम पाळला. पण मॉरिशसच्या त्या वहीपुढे उभे असताना आम्हांला लाज वाटली. मळेवाल्यांसाठी काम करणाऱ्या परक्या कारकुनाने आपल्या मजुराचे, त्याच्या बापाचे आणि त्याच्या गावाचे नाव लिहून ठेवले. पकिप्सीच्या कार्पेंटरांनी परक्या मुलीचे नाव दगडावर कोरले. आणि आपण, ज्यांच्या मंडळाचा उद्देशच ज्ञातिबांधवांना एकत्र आणणे हा आहे, त्या आपण आपल्याच रक्ताच्या माणसाचे पान कोरे ठेवले. शंभर वर्षांनी आम्ही फिलाडेल्फियास बसून आपल्या नातीच्या बाबतीत तेच करावयास निघालो होतो. तिचेही पान आम्ही ओसरीवरच मांडत होतो.

एप्रिलअखेर आम्ही घरी पोहोचलो. काकूंनी दार आधीच उघडून ठेवले होते. भिंतींना ओल आली होती, माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडला होता, विजेचे बिल थकले होते. पण तुळस हिरवी होती. काकूंनी रोज पाणी घातले होते. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले आणि म्हणाल्या, “आलात?” आम्ही म्हणालो, “आलो.” या दोन शब्दांसाठी अकरा महिन्यांचा प्रवास सार्थकी लागला असे वाटले. येथे एक गोष्ट सांगावयास हवी: काकू आपल्या ज्ञातीच्या नाहीत.

आता आमची विनंती. ती दोन कलमांची आहे. पहिले कलम असे की नव्या कुलवृत्तांताच्या माहितीपत्रकातील ती बारीक अक्षरांतील सूचना काढून टाकावी, आणि लेकीची मुले, तिचा विवाह कोठेही झालेला असो, मुलाच्या मुलांइतक्याच मोठ्या अक्षरात छापावीत. दुसरे असे की जुन्या कुलवृत्तांतात ज्यांच्यापुढे ‘परदेशगमन’ किंवा त्यासारखा शेरा मारून पान कोरे सोडले आहे, त्या शाखांचा मंडळाने शोध घ्यावा. आमच्या घरापुरते हे काम आम्ही हाती घेतले आहे. इंदूरच्या एका सद्गृहस्थांशी पत्रव्यवहार सुरू आहे. त्यांचे घराणे तेच आहे की काय, हे अजून निश्चित झालेले नाही. झाले, तर पुढील संमेलनास त्यांना सहकुटुंब घेऊन येऊ आणि पंक्तीत आमच्या शेजारी त्यांचे पान मांडू.

यावर काही वडीलधारी मंडळी म्हणतील की असे केले तर ज्ञातीची शीव राहणार कोठे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. पण एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे की परदेशी गेलेली आपली मुले संस्कार विसरतात म्हणून तुटत नाहीत. लंडनात आरतीचे ताम्हन फिरते, मॉरिशसला पाच पिढ्यांनंतर गणपती बसतो. आपले नाव कोठेही लिहिलेले नाही असे त्यांना कळते, तेव्हा ती तुटतात. त्यांनी परत यावे अशी आपली इच्छा असेल, तर त्यांच्यासाठी किल्ली कोणाकडे तरी ठेवली पाहिजे. ती आपण ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.

ते अर्धवट भरलेले पत्रक आज आम्ही बरोबर आणले आहे. काल रात्री त्यावर, सूचनेकडे दुर्लक्ष करून, नातीचे नाव लिहिले. भाषण संपल्यावर ते कार्यवाहांच्या स्वाधीन करू. स्वीकारावे की परत पाठवावे, हे आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.

 

येतो.